गुपिताच्या आत साधी मराठी

1614 साली जर्मनीतल्या कासेल शहरात एक छोटेखानी पुस्तक छापून निघाले. नाव 'फामा फ्राटेर्निटाटिस', लेखक निनावी. क्रिस्टियान रोझेनक्रॉइत्झ नावाचा एक जर्मन तरुण पूर्वेकडे गेला, अरबी पंडितांच्या पायाशी बसून विद्या शिकला, मायदेशी परतून मोजक्या सोबत्यांचा एक बंधुसंघ उभारला, आणि त्याच्या मृत्यूनंतर 120 वर्षांनी त्याची लपवलेली समाधी सापडली, अशी त्यात हकीकत होती. संघाचे नियमही होते. आजाऱ्यांना बरे करायचे, पण पैसा घ्यायचा नाही. वेगळा वेष करायचा नाही. ज्या देशात राहू तिथलेच कपडे घालायचे. वर्षातून एकदा ठरल्या दिवशी एकत्र जमायचे. आपल्यामागे काम चालवील असा एक लायक माणूस हेरून ठेवायचा. आणि शंभर वर्षे संघाचा कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

पुस्तकाने युरोपभर खळबळ उडवली. 1615 मध्ये दुसरी पुस्तिका आली, 1616 मध्ये स्ट्रासबुर्गहून 'रासायनिक विवाह' नावाची एक अद्भुत कथा आली. वैद्य, ज्योतिषी, किमयागार, पाद्री, सगळ्यांना या संघात जायचे होते. पण जायचे कुठे? पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. म्हणून लोकांनी अर्ज लिहिले आणि तेही छापून प्रसिद्ध केले. 'अदृश्य बंधूंनो, आमच्यावर नजर टाका' अशा थाटाचे. सम्राट रूडॉल्फच्या पदरी राहिलेला वैद्य मिखाएल मायर आणि इंग्लंडचा रॉबर्ट फ्लड यांनी या बंधूंच्या बाजूने ग्रंथ लिहिले. 1623 साली पॅरिसच्या भिंतींवर, बंधू शहरात अदृश्य रूपाने आले आहेत, अशी भित्तिपत्रके झळकली. त्याच सुमारास तत्त्वज्ञ देकार्त जर्मनीकडून पॅरिसला परतला होता. हाही त्यांच्यातलाच, अशी कुजबुज सुरू झाली. त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे की देकार्तने यावर सोपा उपाय केला: तो रोज मित्रांना भेटत राहिला, चारचौघांत दिसत राहिला. जो दिसतो तो अदृश्य संघाचा कसा असेल?

गंमत अशी की तो संघ कुणालाच सापडला नाही. योहान व्हालेंटिन आंद्रेए या धर्मोपदेशकाने 'रासायनिक विवाह' आपण तरुणपणी लिहिल्याचे पुढे कबूल केले आणि या साऱ्या प्रकाराला खेळ म्हटले. संघ होता याचा एकही ठोस पुरावा आजवर हाती आलेला नाही. होती ती छापील पाने आणि ती वाचून पेटलेली माणसे. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत रोझेनक्रॉइत्झच्या नावाचे खरेखुरे संघ निघाले. 1875 साली न्यूयॉर्कमध्ये अशाच गूढविद्येत रस असलेली थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली. तिचे संस्थापक 1879 मध्ये मुंबईला उतरले आणि 1882 पासून अड्यारला स्थिरावले. त्या वाटेने ही नावे आपल्याकडच्या इंग्रजी शिकलेल्या घरांतही पोचली.

पुढच्या पानांचा पहिला भाग या युरोपीय बंधूंचा आहे. वाचक म्हणतील, चांदूर बाजारात बसून संत्र्याच्या बागांऐवजी कासेलच्या गोष्टी कशाला सांगता? त्याचे उत्तर दुसऱ्या भागात आहे, आणि ते इथून फार लांब नाही. शेजारच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. युरोपात जो गुप्तसंघ केवळ कागदावर होता, तसा एक संघ तिथे हाडामांसाचा होता. त्याची लिपी गुप्त होती, पोथ्या गुप्त होत्या, परंपरा पिढ्यानपिढ्या चालू होती. त्याने मात्र कधी गाजावाजा केला नाही, की कुठे आपली पत्रके चिकटवली नाहीत. तो म्हणजे महानुभाव पंथ.

रिद्धपूरची मंडळी

महानुभाव हे पाच कृष्ण मानतात: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर. यांतले गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, रिद्धपूरचे. लोक त्यांना राऊळ म्हणत आणि वेडेही म्हणत. ते कुणाच्याही घरात शिरत, हाती लागेल ते खात, पोरांत खेळत, मातंगांच्या वस्तीत जात. कुणाची शिवाशीव त्यांनी पाळली नाही. चक्रधर मूळचे गुजरातचे. गोविंदप्रभूंना गुरू मानून ते महाराष्ट्रभर फिरले, आणि 1274 च्या सुमारास आपल्या मंडळींना सोडून उत्तरेकडे निघून गेले, असे पंथ मानतो. पोरकी झालेली ही मंडळी नागदेवाचार्यांच्या, म्हणजे भटोबासांच्या, मागे रिद्धपूरला आली आणि गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली.

इथे मराठी गद्याचा जन्म झाला. याच मंडळींतल्या म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी, म्हणजे लीळा, गोळा करायला घेतल्या. ज्याने जे पाहिले, ऐकले, ते त्याच्या तोंडून ऐकायचे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तोही नोंदवायचा, अशी त्यांची रीत होती. तेराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत 'लीळाचरित्र' तयार झाले. गोविंदप्रभूंच्या आठवणींचाही असाच ग्रंथ झाला. केशिराजबासांनी चक्रधरांच्या वचनांची सूत्रे लावली आणि त्यांचे दृष्टांत वेगळे काढले. महदाइसेने गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या हौसेपायी रिद्धपूरलाच धवळे, म्हणजे लग्नगीते, रचले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आज तिचे नाव घेतले जाते.

या मंडळींत ब्राह्मण होते, तसे इतर जातींचे लोक होते, आणि बायका तर मोठ्या संख्येने होत्या. भटोबासांकडे कुणी संस्कृतात बोलू लागला की ते त्याला मराठीवर आणत. चक्रधरांनी त्यांना मराठीतच ज्ञान दिले होते आणि म्हाताऱ्या बायांना ते कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे ज्या पंथाने आपले ग्रंथ कुणाला वाचता येऊ नयेत अशा लिपीत लपवले, त्याच पंथाने सुरुवात केली ती सगळ्यांना कळावे म्हणून.

लपवणे कसे आले

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या फौजा दख्खनेत उतरल्या. पंथात त्या काळाला 'खालशाची धाड' म्हणतात. पळापळीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत गेली. मग ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा लिहून घ्यावा लागला. हिराइसा नावाच्या बाईच्या आठवणीतून उभा राहिलेला पाठ आजही 'हिराइसा पाठ' म्हणून ओळखला जातो. एकाच ग्रंथाचे असे अनेक पाठ झाले, आणि त्यातून कोणता शब्द खरा, ही चिंता पंथाच्या हाडीमाशी खिळली.

त्याच काळात बाहेरचा विरोधही वाढत होता. महानुभाव इतर देवतांची उपासना करत नाहीत, जातीचा विटाळ मानत नाहीत, बायकांना संन्यास देतात. गावाला हे रुचणारे नव्हते. काळे कपडे घालून फिरणाऱ्या या लोकांबद्दल नाही नाही त्या गोष्टी पसरल्या. विरोधकांच्या हाती पोथी पडली तर तिची टिंगल होणार, आणि चुकार नकलकाराच्या हाती पडली तर पाठ बिघडणार. पंथाच्या पुढच्या पिढ्यांनी यावर लिपीचा तोडगा काढला. तिचे श्रेय परंपरा रवळोबासांना देते. या लिपीला 'सकळ' म्हणतात. नंतर सुंदरी, अंक, शून्य अशा अनेक लिप्या निघाल्या. पंथाच्या तेरा शाखा झाल्या, त्यांना आम्नाय म्हणतात. त्यांतही आपापल्या लिप्या चालत.

सकळ लिपीची युक्ती ऐकायला सोपी आहे. नेहमीच्या बाळबोध अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा खूण वापरायची. शिवाय जी नावे आणि जे शब्दसमूह पानोपानी येतात, त्यांच्यासाठी एकेक आखूड चिन्ह. त्यामुळे ती एकाच वेळी गुप्त लिपीही होते आणि लघुलिपीही. किल्ली माहीत असलेला नकलकार बोरूने झरझर पोथी उतरवतो. माहीत नसलेल्याला मात्र ओळखीची अक्षरे दिसतात आणि अर्थ लागत नाही. अक्षर अनोळखी असते तर माणूस निदान प्रश्न विचारतो. ओळखीची अक्षरे जुळवून अर्थहीन काहीतरी वाचायला मिळाले की तो मंत्रतंत्र समजून पोथी खाली ठेवतो. हे फसवे रूप हीच या लिपीची खरी तटबंदी.

जवळजवळ सहाशे वर्षे हे चालले. रिद्धपूर, माहूर, फलटण अशा ठिकाणी मठांमधून बासनात बांधलेल्या पोथ्या महंतांच्या हाती राहिल्या. पंथ पंजाबपर्यंत गेला. तिथे त्याला जयकृष्णी म्हणतात, आणि ज्यांची मायबोली मराठी नाही अशी माणसेही धर्मासाठी जुनी मराठी शिकली. इकडे महाराष्ट्रात मात्र आपल्या भाषेतले सर्वांत जुने गद्य कुठे आहे, हे मराठी विद्वानांना माहीत नव्हते. मराठी वाङ्मय 'ज्ञानेश्वरी'पासून मोजायचे, हा शिरस्ता होता.

उघडल्यावर काय निघाले

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांनी महानुभाव ग्रंथांना वाङ्मयाच्या इतिहासात जागा दिली. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी 'महानुभावीय मराठी वाङ्मय' लिहिले. नागपूरच्या हरि नारायण नेन्यांनी 1936 पासून 'लीळाचरित्र' खंडशः छापले. मलकापूर भागातून आलेले वि. भि. कोलते यांनी तर आयुष्य या एका विषयाला वाहिले, आणि त्यांनी सिद्ध केलेली 'लीळाचरित्रा'ची प्रत 1978 मध्ये राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढली. पुढे अॅन फेल्डहाउस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी गोविंदप्रभूंच्या लीळा इंग्रजीत नेल्या. या कामात वऱ्हाडचा वाटा मोठा आहे, हे आपण मोकळेपणी म्हणावे.

किल्ली लागली तेव्हा आत काय होते? सोने करण्याची कृती नव्हती. अमर होण्याचे रसायन नव्हते. चक्रधर स्वामी कुठे बसले, काय जेवले, कुणाच्या घरी उतरले, कुणी कोणता प्रश्न विचारला आणि त्याला ते हसून काय म्हणाले, हे होते. बाजारहाट होती, भांडणे होती, भाजी आणि भाकरी होती, लहान मुलांचे हट्ट होते. 'स्थानपोथी' नावाच्या ग्रंथात तर स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला तोंड करून बसले, हे नोंदले आहे. आज त्या जागांवर ओटे बांधलेले आहेत आणि भाविक तिथे दंडवत घालतात. तेराव्या शतकातले वऱ्हाड कसे होते हे ज्याला पाहायचे आहे, त्याला राजांचे शिलालेख फारसे उपयोगी पडत नाहीत. ते चित्र या लपवलेल्या पोथ्यांत आहे, आणि ते साध्या बोलीत आहे.

पुस्तकातल्या दोन भागांचा सांधा इथे जुळतो. युरोपात पंधराव्या शतकाच्या शेवटी ट्रिथेमियस नावाच्या एका मठाधिपतीने 'स्टेगानोग्राफिया' लिहिला. तो 1606 साली छापला गेला. पानोपानी देवदूतांची नावे, त्यांना बोलावण्याचे मंत्र, ग्रहांचे आकडे. लोकांनी तो जादूटोण्याचा ग्रंथ मानला, चर्चने तो वर्ज्य ग्रंथांच्या यादीत घातला. पहिल्या दोन भागांतले मंत्र म्हणजे गुप्तलेखनाची उदाहरणे आहेत हे लवकरच कळले, पण तिसरा भाग खरी जादू आहे असा समज चारशे वर्षे टिकला. 1990 च्या दशकात टोमास अर्न्स्ट आणि जिम रीड्स या दोघांनी स्वतंत्रपणे तोही उलगडला. आकड्यांमागून निघाली साधी नमुनावाक्ये. त्यांत एक सूचनाही होती, की हे पत्र आणणारा माणूस लबाड आहे, त्याच्यापासून सावध राहा. देवदूतांच्या फौजेने एवढा निरोप वाहून आणला होता.

गुपिताचे मोल आत लपवलेल्या वस्तूवरून ठरते, असे आपण धरून चालतो. या दोन्ही उदाहरणांतून वेगळे दिसते. लपवण्याने वस्तू जादूची होत नाही; बाहेरचा माणूस तिला जादूची करतो. कासेलचे पुस्तक वाचणाऱ्यांनी जो संघ नव्हता तो मनात उभा केला. महानुभावांच्या शेजाऱ्यांनी जे दुष्कृत्य नव्हते ते पोथीत पाहिले. एकीकडे भक्ती झाली, दुसरीकडे बदनामी. कारण मात्र एकच.

किमया आणि वैराग्य

किमयेबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण वाचक त्या ओढीनेच हे पुस्तक उघडणार. आपल्याकडे पाऱ्याची विद्या जुनी आहे. पाऱ्यावर संस्कार करायचे, तो 'बांधायचा', त्याने आधी धातू आणि मग देह पालटायचा, हा रसशास्त्राचा क्रम. रसविद्येतल्या नागार्जुनाचे नाव विदर्भात रामटेकच्या डोंगराशी जोडले जाते. 'लीळाचरित्रा'तही वयस्तंभिनी विद्येचा, म्हणजे देहाचे वय रोखून धरणाऱ्या विद्येचा, उल्लेख येतो. त्या काळचा ऐकणारा अशा गोष्टींना सरावलेला होता.

पण पंथाचे ज्ञान त्यावर उभे नाही. सिद्धी असतील, चमत्कार असतील; सुटका परमेश्वराच्या संनिधानाने आणि ब्रह्मविद्येने होते, असे महानुभाव सांगतात. मजा म्हणजे 'फामा'चे कर्तेही हेच म्हणतात. सोने करणे ही त्यांच्या लेखी दुय्यम, वरकड गोष्ट आहे, आणि त्यामागे धावणाऱ्या किमयागारांवर त्यांनी कडक टीका केली आहे. युरोपातल्या या लोकांना भट्टीपेक्षा माणसाचे आणि ज्ञानाचे शुद्धीकरण हवे होते. इतिहासकार फ्रान्सेस येट्स यांनी 1972 च्या आपल्या ग्रंथात या चळवळीचा धागा नव्या विज्ञानाच्या उदयाशी जोडला. त्यांचे सगळे निष्कर्ष आज मान्य नाहीत, पण किमया आणि विज्ञान यांच्यात तेव्हा भिंत नव्हती, हे त्यांनी ठसवले.

संकेतभाषेचे खुद्द आपल्या तालुक्यातले एक उदाहरण इथे जोडतो. माधानचे गुलाबराव महाराज (1881–1915) लहानपणीच अंध झाले. ज्ञानेश्वरांना त्यांनी पिता मानले, मधुराद्वैताचा विचार मांडला आणि शंभरावर ग्रंथ सांगून लिहवून घेतले. त्यांनी 'नावंग' नावाची स्वतःची एक भाषाही रचली आणि तिचे व्याकरण केले. त्यांच्यामागे कुणी विरोधक पोथी जाळायला लागला नव्हता. तरी ज्याच्या डोळ्यांसमोर कुठलेच अक्षर नव्हते, त्या माणसाला नवी भाषा घडवावीशी वाटली. म्हणजे संकेतभाषेचे मूळ दर वेळी भीतीतच असते असे नाही. कधी तो बुद्धीचा खेळ असतो, कधी मोजक्या लोकांतली जवळीक. रिद्धपूरच्या लिप्यांकडे पाहतानाही ही शक्यता हाताशी ठेवावी. एवढ्या वेगवेगळ्या लिप्या केवळ संरक्षणासाठी कुणी काढत नाही. लिहिणाऱ्यांना त्यात रस येत असला पाहिजे.

उघडण्याचा हक्क

एक अवघड प्रश्न उरतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पोथी उघडली हे मराठी भाषेचे भाग्य, असे मराठीचा प्राध्यापक म्हणेल. पण पोथी ज्यांची आहे त्यांचे काय? कोलत्यांची 1978 ची प्रत आली तेव्हा पंथातल्या अनेकांनी तिच्यातल्या काही लीळांना तीव्र हरकत घेतली. अभ्यासक म्हणतो, जुन्या प्रतीत आहे ते छापले पाहिजे. भक्त म्हणतो, हा इतिहासाचा कागद नाही, माझ्या देवाचे चरित्र आहे. कोणता पाठ शुद्ध हे आमच्या परंपरेत ठरते. दोघांच्याही बाजूला वजन आहे.

मला या वादात असे वाटते. महानुभावांनी जे लपवले ते ज्ञान नव्हते. ज्ञान तर ते दारोदार मराठीतून सांगत होते. त्यांनी लपवला तो मजकूर, म्हणजे अक्षर न अक्षर. एकदा सगळा ग्रंथ हातचा जाऊन बायाबापड्यांच्या आठवणीतून परत मिळवावा लागला, त्या लोकांनी पुन्हा तो गमवायचा नाही असे ठरवले. गुप्त लिपी हा त्यांचा जतनाचा कायदा होता. म्हणून या पोथ्यांवर काम करणाऱ्याने किल्ली शोधणाऱ्याच्या ऐटीत मठात जाऊ नये. पाठभेद नोंदवताना प्रत कुठली, कोणत्या आम्नायाची, कुणी जपली, हे आधी लिहावे. पंथाचा आक्षेप असेल तर तोही त्याच पानावर यावा. म्हाइंभटांची रीत हीच होती: दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही ठेवायचे.

आता परिस्थिती बदलली आहे. 2024 मध्ये रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषा किती जुनी हे सांगताना सगळे 'लीळाचरित्रा'कडे बोट दाखवतात. पण बोट दाखवणाऱ्यांतल्या कितीजणांना सकळ लिपीतली एक ओळ वाचता येते? छापील प्रतींवर अभ्यास चालतो, आणि मठांतल्या अनेक पोथ्या अजून नीट सूचीत यायच्या आहेत. चांदूर बाजार, मोर्शी, अचलपूर इकडच्या मुलांनी मनात आणले तर हे काम त्यांच्या बसच्या अंतरावर आहे. त्यासाठी गूढविद्येची आवड लागत नाही. मोडी शिकतात तशी सकळ शिकावी, महंतांना दंडवत करून परवानगी मागावी, आणि एका पोथीची एक सूची चोख करावी.

पुस्तकाचा पहिला भाग करमणुकीसाठी वाचला तरी हरकत नाही. त्यात अदृश्य बंधू आहेत, फसलेले राजे आहेत, समाधीतले दिवे आहेत. दुसरा भाग मात्र हाती वही घेऊन वाचावा, आणि जिथे लेखकाचे चुकले असे वाटेल तिथे रिद्धपूरला जाऊन पडताळून पाहावे. कासेलच्या बंधूंना शोधायला निघालेले हात हलवत परतले. आपल्याकडची मंडळी अजून तिथेच आहेत, आणि विचारले तर बोलतात.

चांदूर बाजार